शिडाच्या नौकेवरील प्रशिक्षणातून मुलांना नेमके काय मिळते?

खानापूरहून एक पालक: मुलगी अकरावीत आहे. मलप्रभेत पोहायला शिकली, परंतु समुद्र तिने कारवारच्या किनाऱ्यावरूनच काय तो पाहिला आहे. शिडाच्या नौकेवरील सफरीने स्वभाव घडतो असे ऐकतो; घाटमाथ्यावरील मुलांना हा मार्ग खुला आहे का?

बेळगावहून निवृत्त शिक्षक: गोव्यात बांधलेली, तीन डोलकाठ्यांची ‘तरंगिणी’ १९९७ पासून नौदलात आहे, मात्र ती मुख्यतः नौदलाच्या प्रशिक्षणार्थींसाठी. आपल्या मुलीने महाविद्यालयात एनसीसीच्या नौदल शाखेची चौकशी करावी. सगळीकडे ती नसते, हीच अडचण.

निपाणीचा माजी कॅडेट: व्हेलर या होडीला पाच वल्ही असतात आणि एकाचा ताल चुकला की शेजाऱ्याचे वल्हे त्यावर आदळते, त्यामुळे वर्गात कोणाचेही न ऐकणारा मुलगासुद्धा तासाभरात सोबत्याच्या खांद्याकडे पाहून वल्हवू लागतो. ओल्या दोराने माझ्या तळहाताची साले निघाली होती, तरी शीड सोडता येत नव्हते. धीट होण्यापेक्षा मी वेळेवर उठायला शिकलो, हे प्रामाणिकपणे सांगतो.

बेळगावहून निवृत्त शिक्षक: काकांच्या नात्याने आणखी एक सांगतो. नौदलातील अधिकारी अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये ज्या ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली, तिला नाव मिळाले ते आपल्या खानापूर तालुक्यात उगम पावणाऱ्या नदीचे. मुलीला हे अवश्य सांगा.