मदत हवी आहे: युरिया बंद करायचाय, पण सेंद्रिय शेतीसाठी शेतकऱ्यांचा गट कुठून आणू?

नमस्कार मंडळी. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आमचं छोटं कुळागर (सुपारी-नारळाची बाग) आणि खाली वायंगणाची, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या भाताची शेती. विहिरीचं पाणी तपासलं तर नायट्रेट लिटरला ५८ मिलिग्रॅम. पिण्याला मर्यादा ४५. बाबा दर वेळी मूठभर युरिया 'वर आणखी' फेकतात, आणि विहीर बांधापासून दहा पावलांवर! सेंद्रिय शेतीसाठीच्या सरकारी परंपरागत कृषी विकास योजनेत ३ वर्षांत हेक्टरी ३१,५०० रुपये, त्यातले १५,००० थेट खात्यात. पण गट २० हेक्टरांचा लागतो, आमची शेतं टीचभर. शिवाय जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर अजून आजोबांचंच नाव. आजूबाजूच्या गावांत कोणाचा गट आहे का? उताऱ्याचं कसं जमवलंत? पहिल्या वर्षी भात किती घटलं, तेही खरं सांगा, बाबा आधी तेच विचारणार.