अनुदान आहे, पण आधी पैसे कुणी घालायचे?

‘अनुदान मिळत असूनही लोक शौचालय बांधत नाहीत’ हा आक्षेप मला अर्धाच पटतो. स्वच्छ भारत अभियानातील १२,००० रुपये बहुतेक ठिकाणी बांधकाम झाल्यावर हातात पडतात. तोवर विटा-सिमेंटची उधारी भूमिहीन कुटुंबाने कुणाच्या भरवशावर करायची? शिवाय बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन बाहेर पडतात ते उन्हाळ्यातच परततात, आणि नेमक्या त्याच काळात ग्रामसभा व शौचालय नसलेल्या घरांची पाहणी उरकली गेली, तर अनुदानाच्या यादीत त्यांचे नाव येणार कसे? पाहणी पावसाळ्यात आणि वस्तीवर जाऊनच व्हावी, दिव्यांग व्यक्ती असलेल्या घरी पायरीऐवजी उतार, धरायला दांडी आणि कमोड यांचा खर्चही आराखड्यातच धरावा.