मदत हवी आहे : अजगराच्या टाकीतली ऊब रात्री टिकत नाही

नमस्कार मंडळी,

मी मिनियापोलिसला राहतो. लेकीच्या हट्टापायी ऑक्टोबरात घरात बॉल पायथन आला. मूळ पश्चिम आफ्रिकेकडची, बिनविषारी, दोन वर्षांची मादी. वेटोळं घालून बसते म्हणून नाव जिलबी. (पुण्याला आईला अजून सांगितलेलं नाही. व्हिडिओ कॉलवर मागे काहीतरी हललेलं तिला दिसलं, तेव्हा पाईप आहे म्हणून वेळ मारून नेली.)

टाकी काचेची, 40 गॅलनची, वर जाळीचं झाकण. एका टोकाला खालून हीट मॅट, तिला थर्मोस्टॅट. वरून बारा तास दिवा. दिवसा उबदार बाजू 32 अंश, गार बाजू 26. तक्रार नाही.

घोळ रात्रीचा आहे. दिवा बंद, घरातलं हीटिंग आम्ही झोपताना 18 वर आणतो, बाहेर उणे 20. सकाळी सहाला बघावं तर उबदार बाजूलाही हवा 22 च! थर्मोस्टॅट मात्र 32 दाखवतोय. नक्की कुणाचं खरं धरू? लाल बल्ब लावून पाहिला, तर बाईसाहेब बिळातून बाहेरच येईनात. लेकीने एकदा झाकणावर गोधडी पांघरली. दिवा विझलेला होता म्हणून निभावलं.

तीन आठवडे उंदराला तोंड लावलेलं नाही. आख्खं घर रात्रभर तापवायचं का? बिल बघून आधीच घाम फुटतो.

प्रतिसाद

दोन्ही आकडे खरे आहेत. मॅट काच तापवते, हवा नाही, आणि थर्मोस्टॅटचा प्रोब (तापमान मोजणारं टोक) मॅटलाच चिकटलेला असणार. सिरॅमिक हीट एमिटर (बल्बसारखा होल्डरमध्ये बसणारा, फक्त उष्णता देणारा) घ्या, उजेड न पाडता रात्रभर चालतो. त्याला वेगळा थर्मोस्टॅट हवाच, आणि होल्डर चिनीमातीचा, प्लास्टिकचा वितळतो. टाकीच्या तीन बाजूंना बाहेरून फोम बोर्ड लावा. एमिटरखालची जाळी मोकळी सोडून बाकीचं झाकण फॉइलने झाका, निम्मी ऊब तिथूनच पळत असेल. एमिटर हवा कोरडी करतो, तेव्हा पाण्याचं भांडं मोठं ठेवा.

रात्रीची हवा 24 च्या खाली जायची थांबेपर्यंत उंदीर देऊच नका, थंडीत खाल्लेलं पचत नाही, उलटून पडतं. हिवाळ्यात हे साप तसेही उपास धरतात. दर आठवड्याला वजन करा. वजन उतरायला लागलं, किंवा तोंड उघडून श्वास, शिट्टीसारखा आवाज, तोंडाशी फेस दिसला तर थेट व्हेट.

धागाकर्ता

खूप आभार! प्रोब मॅटलाच होता. एमिटर बसवला, फोम लावला. आज सकाळी सहाला 25. उंदीर पुढच्या रविवारी देऊन बघतो.

एक राहिलंच : वादळात वीज गेली तर काय करता? मागच्या वर्षी आमच्याकडे पाच तास गेली होती.

आणि आईला कळलं. श्रावणात येतेय म्हणाली, दूध घेऊन. साप दूध पीत नाहीत हे तिला कसं सांगायचं, तेही सुचवा.