दोन चॅनलच्या स्टिरिओ रिसीव्हरमध्ये आज काय हवंच?

निषाद
दिवाणखान्यात दोन स्पीकर आणि एक रिसीव्हर, एवढ्यावर गाणं ऐकणाऱ्यांसाठी हा धागा. नवा रिसीव्हर घेताना दोन गोष्टी सोडू नयेत असं माझं ठाम मत आहे.

पहिली, एचडीएमआय एआरसी, म्हणजे टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलनेच रिसीव्हरकडे आणणारी सोय. ही सोय 2009 मध्ये एचडीएमआय 1.4 बरोबर आली, तरी अजून कित्येक स्टिरिओ रिसीव्हरमध्ये ती नसते. ऑप्टिकल केबलने टीव्हीचा आवाज येतो, पण टीव्हीच्या रिमोटने तो कमी-जास्त होत नाही. मग घरचे दोन रिमोटना कंटाळतात आणि पुन्हा टीव्हीच्याच स्पीकरवर बातम्या ऐकतात.

दुसरी, खरा क्रॉसओव्हर, म्हणजे खालचे सूर फक्त सबवूफरला आणि बाकीचे मुख्य स्पीकरना वाटून देणारी सोय. मागे 'सबवूफर आउट' असतो, पण बऱ्याच मॉडेल्समध्ये खालचे सूर सबवूफरला जातात आणि मुख्य स्पीकरनाही तसेच जातात. साधारण 80 हर्ट्झखालचं मुख्य स्पीकरकडून काढून घेतलं की छोट्या बुकशेल्फ स्पीकरवरचा ताण उतरतो. डग्ग्याची मींड ऐकून बघा, घुमारा राहतो आणि गदगद जाते.

इंटरनेटवरून गाणी वाजवणारं स्ट्रीमिंग मात्र रिसीव्हरच्या आत नकोच. अ‍ॅम्प्लिफायर वीस वर्षं चालतो, अ‍ॅपचे अपडेट त्याच्या कितीतरी आधी थांबतात.

सांजवेळ
शेवटचं अजिबात पटलं नाही. स्ट्रीमर वेगळा घ्या म्हणजे आणखी एक डबा, एक अडॅप्टर, एक इनपुट बदलणं. माझी आई सत्तरीची आहे. ती फोनवर भजन लावते, रिसीव्हर आपोआप सुरू होऊन योग्य इनपुटवर येतो, आणि ती रोज ऐकते. जुनं झालं तर तेव्हा बाहेरून स्ट्रीमर जोडता येतोच की! आज वापरायची सोय वीस वर्षांनंतरच्या भीतीने का सोडायची?

खर्ज
तुम्ही दोघं फोनो इनपुट, म्हणजे रेकॉर्ड प्लेअर जोडायची जागा, विसरलात. एमएम (मूव्हिंग मॅग्नेट) कार्ट्रिजमधून, म्हणजे सुई बसवलेल्या भागातून, जेमतेम 5 मिलिव्होल्ट येतात, सीडी प्लेअर 2 व्होल्ट देतो. शिवाय रेकॉर्ड कापताना खालचे सूर दाबलेले आणि वरचे उचललेले असतात, ते आरआयएए इक्वलायझेशनने पूर्ववत करावे लागतात. तबकड्या ऐकणाऱ्याला हे आतच हवं.

निषाद
तबकड्या असतील तर हवंच. पण नसतील त्यांनी त्यासाठी पैसे का मोजावेत? वेगळा फोनो प्रीअ‍ॅम्प कधीही जोडता येतो. क्रॉसओव्हर नंतर बसवायचा तर प्री-आउट (प्रीअ‍ॅम्पचा सिग्नल बाहेर काढायची जागा) आणि मेन-इन (तो पॉवर अ‍ॅम्पमध्ये परत घ्यायची जागा) दोन्ही लागतात, आणि ती जोडी आता दुर्मीळ झाली आहे.

सांजवेळ, आईंच्या बाबतीत तुमचं म्हणणं रास्त आहे. पण वेगळ्या स्ट्रीमरनेही रिसीव्हर एआरसीसारखाच आपोआप सुरू होऊ शकतो, फक्त त्यात सिग्नल ओळखून चालू होण्याची सोय हवी.

सांजवेळ
म्हणजे अजून एक अट वाढली! मारान्ट्झने 2019 च्या एनआर1200 मध्ये दोनच चॅनल ठेवून पाच एचडीएमआय इनपुट, फोनो आणि स्ट्रीमिंग सगळं एका पेटीत दिलं. अशी यंत्रं मिळत असताना निवड कशाला करायची?

मध्यलय
वॅटबद्दल कुणीच बोललं नाही. 60 ऐवजी 100 वॅट घेतले तर फरक सुमारे 2 डेसिबलचा. त्यापेक्षा 85 ऐवजी 88 डेसिबल संवेदनशीलतेचा (तेवढ्याच वॅटमध्ये जास्त मोठा वाजणारा) स्पीकर घ्या, जास्त मिळेल. आणि आकडा कुठला आहे ते बघा. 8 ओहमवर, दोन्ही चॅनल चालू, 20 ते 20,000 हर्ट्झ, असं लिहिलेलं असेल तरच तो धरा. 1 किलोहर्ट्झवर 10 टक्के डिस्टॉर्शनचा आकडा खोक्यावर छापायलाच असतो.

मला तर टोन कंट्रोल आणि चांगलं लाउडनेस सगळ्यांत आधी हवं. रात्री आवाज बारीक केला की कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात, लाउडनेस ते उचलून देतं. फ्लॅटमध्ये तर रात्रीचंच ऐकणं होतं.

खर्ज
लाउडनेसला माझा पूर्ण पाठिंबा. एआरसीवाल्यांना एक विचारायचंय, केबल लावली तरी आवाजच आला नाही तर?

निषाद
टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट 'पीसीएम' (साधा, न दाबलेला डिजिटल आवाज) करा. टीव्ही डॉल्बी पाठवत असतो आणि पुष्कळ स्टिरिओ रिसीव्हरना ते उलगडता येत नाही. सीईसी (एचडीएमआयमधून एका यंत्राने दुसऱ्याला हुकूम देण्याची सोय) चालू आहे ना तेही बघा, त्याशिवाय टीव्हीच्या रिमोटने आवाज हलणार नाही.