सकाळची शाळा, मुलगी काहीच खात नाही

कोथरूडची आई: मुलगी चौथीत, साडेसहाला व्हॅन येते, उठल्या उठल्या भूकच नसते तिला, नुसता चहा-बिस्किट मागते आणि मग डब्यापर्यंत उपाशी, काय देऊ?

सिंहगड रोड: चहा आधी बंद करा ताई, त्याने जेवणातलं लोह नीट शोषलं जात नाही. नाचणीची खीर द्या, १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं.

निगडीकर: मुगाचं धिरडं गुंडाळून हातात द्या, व्हॅनमध्ये खाईल. पोह्यांवर लिंबू पिळाच, लोह अंगी लागतं.

पेठेतली आजी: रात्री उशिरा जेवते का गं?

कोथरूडची आई: हो आजी, साडेनऊ होतात, बाबा आले की सगळे एकत्र बसतो ना. आजपासून तिला आठला वाढते.