भाची चालेल का? सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर नीट ताबा नसणं) आहे

सत्तरीकर: ताईची मुलगी अडीच वर्षांची, अजून आधाराशिवाय बसत नाही, उभी केली की पायांची कात्री होते. वाळपईहून बांबोळीला थेरपीला सारखं नेणं जमत नाही हो, घरी काय करायचं?

माडाखाली: दोन वर्षांपर्यंत बसणारी मुलं बहुतेक चालतात, तिला उशीर झालाय पण आशा सोडू नका, मात्र मोठ्या हालचालींची बरीचशी वाढ पाच वर्षांच्या आत होते. डॉक्टरांना जीएमएफसीएस लेव्हल, म्हणजे मूल किती हालचाल करू शकतं त्याची पातळी, विचारा, 1 ते 5 असते, 1 सगळ्यात सौम्य.

शेणसारवण: नुसत्या मालिशवर विसंबू नका!! आमच्या फिजिओने भिंतीच्या कोपऱ्यात बसवायला सांगितलेलं, मांड्यांमध्ये गुंडाळलेला टॉवेल, पुढ्यात पाट आणि त्यावर करवंट्या, पोर आपणहून हात टाकतं. आधी तुमच्या फिजिओला दाखवून घ्या.

सत्तरीकर: पाट आहे, ताईला सांगतो.