शोकेसमधली ली त्येमेई: ठेवावी की काढावी?

फिरस्ता:
बीजिंगच्या पानजियायुआन बाजारातून दहाएक वर्षांपूर्वी चिनीमातीची एक बाहुली आणली. लाल जाकीट, कमरेपर्यंत वेणी, एका हातात उंच धरलेला कंदील. 'लाल कंदील' या क्रांतिकारी ऑपेराची नायिका, ली त्येमेई. परवा मित्र घरी आला आणि म्हणाला, "हे प्रचाराचं खेळणं दिवाणखान्यात कसं ठेवतोस?" मला तर ती देखणी वाटते. कोपरावरचं ठिगळसुद्धा काय निगुतीनं रंगवलंय! खरंच काढून ठेवावी का?

मीठभाकर:
काढा. ठिगळ इतकं नीटनेटकं आहे, तीच तर मेख. सांस्कृतिक क्रांतीत, म्हणजे १९६६ ते १९७६, माओची बायको जियांग छिंग हिच्या पसंतीची मोजकी 'आदर्श' नाटकं तेवढी चालायची, 'लाल कंदील' त्यांतलंच एक; बाकी रंगभूमीला कुलूप. '८० कोटी लोक, ८ नाटकं' असं चिनी माणसंच म्हणतात. नायक मधोमध झगझगीत उजेडात, खलनायक कडेला अंधारात. त्याच काळात छळ सोसलेले लेखक बा जिन, त्यांच्या पत्नीला कॅन्सर झाला, वेळेवर दवाखाना मिळाला नाही, १९७२ साली त्या गेल्या. त्या काळी भोंग्यावरून वाजणारी या नाटकांची गाणी १९८६ मध्ये पुन्हा कानावर पडली, तेव्हा जुनी दुःस्वप्नं परत आल्याचं बा जिननी लिहिलं. तुम्हाला ती बाहुली, त्यांना तो भोंगा.

आवा_भट्टी:
पण बाहुली काही जियांग छिंगनं घडवली नाही हो! जिंगदेझेनसारख्या गावांतल्या कारागिरांनी घडवली. पिढ्यानपिढ्या क्वानयिन, म्हणजे करुणेची देवी, आणि हसरा बुद्ध करणारी गावं ती. देव 'जुनाट' ठरले, म्हणून कंदील करायला लागली. भट्टीत १३०० अंशांच्या आसपास ही माती मऊ पडते, वर केलेला हात लवतो. त्याला खालून टेकू देऊन भाजायचं, मग रंग चढवून पुन्हा मंद आचेवर. त्या हाताला नुसता प्रचार म्हणवत नाही मला.

मीठभाकर:
कारागीर थोर, मान्य. पण बुद्ध फोडून झाल्यावर हातात आलेला कंदील आहे तो. त्याचं कौतुक मला जमायचं नाही.

नाट्यवेडी:
मूळ नाटक पाहिलंय का कुणी? आजी, बाप, मुलगी, तिघांत रक्ताचं नातं नाही, हे आजी नातीला सांगते तो प्रसंग बघा एकदा. प्रचार आहेच, पण गळा खरा आहे. चीनमध्ये म्हातारी माणसं अजून बागेत जमून ही पदं गातात. पाठ आहेत, कारण तेव्हा दुसरं ऐकायलाच नव्हतं. (हे मीठभाकरांच्या बाजूनं गेलं, कळतंय मला.)

आवा_भट्टी:
फिरस्ता, एक विचारू? वेणीचे पेड सुटे दिसतात का? जुन्या बाहुलीवरून साचा काढून नवी ओतली की भाजताना ती आकसते, दहा टक्क्यांहून जास्तच. नक्कल बुटकी निघते आणि बारकावे पुसट.

फिरस्ता:
भिंग घेऊन बघितलं. पेड नाहीत, नुसती काळी दोरी. बोटंही एकमेकांना चिकटलीत.

मीठभाकर:
म्हणजे तिनं तो काळ पाहिलेलाच नाही! माझा अर्धा आक्षेप गेला.

फिरस्ता:
आणि माझे सगळे पैसे.